तिकोनी इंजिनाचं तेल

तिच्या वडिलांना सगळे तिकोने मिस्त्री म्हणत, आणि तिकोने हे काही त्यांचं आडनाव नव्हतं. तरुणपणी ते शर्यतीच्या गाड्या पळवणाऱ्या एका मालकाकडे कामाला होते. तिथे त्यांच्या हाताला एक विचित्र इंजिन लागलं. त्यात वरखाली करणारे पिस्टन नव्हते. फुगीर डब्यात एक जाडजूड तिकोनी लोखंडी तुकडा गरगर फिरायचा आणि त्यावर गाडी धावायची. त्या तिकोनावर त्यांचा जीव जडला. पुढे स्वतःचं गॅरेज काढलं तेव्हा असल्या गाड्यांना हात लावणारं दुसरं कुणी आसपास नव्हतं. मग ‘तिकोनीवाले मिस्त्री’ झाले, आणि बोलता बोलता तिकोने मिस्त्री. लग्नाच्या आमंत्रणांवरसुद्धा ‘श्री. तिकोने, सहकुटुंब’ असं यायचं. ते कुणाची चूक दुरुस्त करत नसत. म्हणायचे, “दिवसभर गाड्या दुरुस्त करतो तेवढं पुरे आहे. आता माणसं कुठे करत बसू?”

त्यांची ही एकुलती एक लेक. चाळिशी ओलांडलेली, रुंद खांद्यांची, गिअरबॉक्स एकटीने उचलून बाकावर ठेवणारी. बाप तिला अजून ‘चिमणी’ म्हणायचा आणि गिऱ्हाइकं तोंड फिरवून हसायची. बाकी सगळ्यांची ती ताई. आई लवकर गेली, त्यामुळे तिचं बालपण गॅरेजातच गेलं. इतर पोरी बाहुल्यांचे केस विंचरत तेव्हा ही स्पार्क प्लग घासत बसायची. आता गॅरेज तीच चालवत होती. वरच्या दोन खोल्यांत ती, तिचा नवरा आणि बाबा राहत. नवरा शिंपी होता. पुढच्या खोलीत खिडकीपाशी त्याचं मशीन असे, आणि खाली हातोडा, वर मशीन, असा त्या घराचा दिवसभर आवाज चालू असे.

त्या वर्षी पोहण्याच्या सरांची निळी गाडी आली. सर म्हणजे तलावावर पोरांना पोहायला शिकवणारा एक हसरा, उंच माणूस. ती तिकोनी इंजिनाची गाडी त्यांच्या मोठ्या भावाने हौसेने घेतली आणि हौस फिटल्यावर यांच्या गळ्यात मारली. सरांची बायको घाटापलीकडच्या इस्पितळात नर्स होती आणि तिचे दिवस भरत आले होते. थंडीत घाटात धुकं उतरलं की बस बंद पडायच्या, म्हणून सरांना गाडी हवी होती. इंजिन मात्र पार थकलेलं होतं. तिने आणि बाबांनी मिळून ते उघडलं, तिकोनाच्या टोकांची झिजलेली सील बदलली, सगळं धुऊनपुसून पुन्हा बंद केलं. राहिलं होतं फक्त तेल.

आता तेल हे कुठल्याही गाडीला लागतंच. पण हे इंजिन आपलं तेल थोडं थोडं मुद्दाम जाळतं. पेट्रोलबरोबर तेलाचे थेंब आत जातात, म्हणून त्या तिकोनाची टोकं डब्याच्या भिंतीवर कोरडी घासत नाहीत. तेच तेल बेअरिंगांनाही सांभाळतं. ते फार जाड असेल तर गार सकाळी वेळेवर पोचत नाही. फार पातळ असेल तर चढावर, इंजिन तापल्यावर त्याचा पापुद्रा फाटतो आणि लोखंडाला लोखंड लागतं. मग इंजिन जाम. सपाट रस्त्यावर जाम झालं तर शिव्या घालून ढकलता येतं. घाटात वळणावर झालं तर काय, हे बोलायची गरज नाही. डब्यावर दोन आकडे असतात. पहिला सांगतो तेल थंडीत किती जाड असतं, दुसरा सांगतो तापल्यावर किती टिकतं. आकडा मोठा, तेल जाड.

तिने बाकावर डबे मांडले आणि नेहमीसारखं विचारलं, “बाबा, कोणतं?”

उत्तर तिला ठाऊक होतं. म्हाताऱ्या माणसाचा मान म्हणून ती विचारायची.

“वीस-पन्नास,” बाबा म्हणाले.

ती हसली. तिला वाटलं, चेष्टा करताहेत. वीस-पन्नास म्हणजे त्या बाकावरचं सगळ्यात जाड तेल, कडक उन्हाळ्यातलं. आणि बाहेर हिवाळा होता. गॅरेजचं अर्धं शटर खाली होतं तरी बोलताना तोंडातून वाफ निघत होती. ‘थंडीत जाड तेल घालणं म्हणजे झोपेतल्या माणसाला उठवून पळायला लावणं,’ हे ती लहानपणापासून ऐकत आली होती, आणि ते याच तोंडून.

“वीस-पन्नास? आत्ता?”

“मग या उकाड्यात दुसरं काय घालणार?” ते चिडून म्हणाले.

तेव्हा तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. ते अर्ध्या बाह्यांच्या सदऱ्यात उभे होते. दंडावर काटा आला होता, नखं निळी पडली होती, आणि कपाळावरचा नसलेला घाम ते मनगटाने पुसत होते.

तिने शटर पूर्ण खाली ओढलं.

पाल तशी आधीच चुकचुकली होती. नटबोल्टचे पाने भाकरीच्या डब्यात सापडले होते. चहाचं आधण चुलीवर ठेवून बाबा खाली येऊन बसले होते आणि भांडं करपून काळं झालं होतं. जावयाला ते ‘मास्तर’ म्हणू लागले होते, पण शिंप्याला सगळेच मास्तर म्हणतात, म्हणून ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. प्रत्येक वेळी तिने काहीतरी कारण शोधलं होतं. वय झालं, झोप झाली नाही, चष्मा बदलायला हवा. भांडं विसरणं तिला चालत होतं. तेलाचा आकडा विसरणं तिला चालेना. बाबा एकवेळ स्वतःचं नाव विसरतील, पण तेल विसरणार नाहीत, अशी तिची खात्री होती.

आणि मग दुसरी भीती आली, पहिलीपेक्षा मोठी. इंजिनाचे लांब बोल्ट बाबांनी आवळले होते. ते विशिष्ट क्रमाने, थोडे थोडे करत आवळायचे असतात. एक सैल राहिला तर आतलं पाणी तेलात जातं, एक जास्त पिळला तर डबा तडकतो. त्या दुपारी ती सुटे भाग आणायला बाहेर गेली होती. परत आली तेव्हा काम झालं होतं आणि बाबा खुर्चीत बसून समाधानाने हात पुसत होते.

बाबा जेवायला वर गेल्यावर तिने बोल्ट किती आवळलाय ते दाखवणारा मापाचा पाना काढला. एकेका बोल्टवर लावून ती हलकेच जोर देत गेली, जसं पोरगं झोपलंय का ते बघायला आई पांघरूण उचलते तसं. सगळे बोल्ट ठीक होते. शेवटच्या बोल्टवर पाना असतानाच जिन्याकडून आवाज आला.

“माझ्यामागून हात फिरवतेस?”

बाबा पायरीवर उभे होते.

“नाही बाबा. सहज बघत होते.”

“सहज बघायला कुणी मापाचा पाना घेत नाही, चिमणे.”

बाबा जवळ आले नाहीत, ओरडलेही नाहीत. मान खाली घालून वर निघून गेले. लहानपणी हातून कार्बोरेटर पडून फुटला होता तेव्हाही तिला इतकं मेल्याहून मेल्यासारखं झालं नव्हतं.

तरीही बोल्ट बरोबर होते, ही गोष्ट तिला दिलासा द्यायच्या ऐवजी आणखी घाबरवू लागली. हात जर इतके नेमके असतील तर आकडा तरी चुकीचा कशावरून? या इंजिनांबद्दल त्यांना जे माहीत होतं त्याचा निम्मासुद्धा भाग तिला आला नव्हता. झिजलेल्या गाडीला कधी कधी जाड तेल घालतात, हेही खरं होतं. कदाचित त्यांना काहीतरी दिसलं असेल जे तिला दिसलं नाही. विचारायची सोय नव्हती. विचारलं आणि त्यांनी पुन्हा उकाड्याचं काढलं, तर? त्या उत्तराला ती सामोरी जाऊ शकत नव्हती.

नवऱ्याला तिने अखेर सांगितलं. तो एका कोटाची बाही उसवत होता. ऐकून त्याने कात्री खाली ठेवली.

“तू त्यांना डॉक्टरकडे नेणार आहेस, की तेलाच्या डब्यांनाच त्यांची तब्येत विचारणार आहेस?”

“सरांची गाडी एकदा जाऊ दे. मग नेते.”

“आणि मग दुसरी गाडी येईल.”

“तू शिवणाचं बघ रे.”

“शिवणाचंच बघतोय,” तो म्हणाला. “एक टाका निसटला की लोक म्हणतात, असू दे. मग माझ्याकडे अख्खी बाही हातात घेऊन येतात.”

तिने उठून खिडकी लावली. डॉक्टरकडे गेलं की त्या गोष्टीला नाव मिळणार, आणि नाव मिळालं की ती कायमची घरात राहायला येणार, असं तिला वाटत होतं. हे शहाणपणाचं नाही, हे तिलाही कळत होतं.

दुसऱ्या दिवशी तिने दहा-तीस घातलं, सगळ्यात पातळ. थंडीला तेच योग्य, असं बाबांनीच शिकवलेलं. रिकामा डबा तिने पिंपामागे लपवला. बाबा खाली आले आणि म्हणाले, “तेल घातलंस?”

“घातलं.”

“वीस-पन्नास?”

“हो, बाबा.”

बापाशी ती आजवर कामाबद्दल कधी खोटं बोलली नव्हती. बाबांनी मान डोलावली आणि खुर्ची उन्हात ओढली. तिला वाटलं, पूर्वीचे बाबा असते तर एका नजरेत, तेलाच्या थेंबावरून ओळखलं असतं. त्यांनी नजर टाकली नाही.

सर गाडी न्यायला आले ते हातात बायकोसाठी घेतलेली लोकरीची शाल घेऊनच. “ताई,” ते म्हणाले, “पाण्यात बुडणाऱ्याला मी बाहेर काढतो. घाटात बुडणाऱ्याला तुम्ही काढायचं, काय?”

“आधी मी पहिल्या चढापर्यंत नेऊन आणते. मग चावी देते.”

“अहो, न्या की. तोवर मी तुमच्या मास्तरांकडून पँट आखूड करून घेतो.”

ती गाडीत बसली आणि पाहते तर बाबा शेजारच्या सीटवर येऊन बसलेले. अर्ध्या बाह्यांचाच सदरा. तिने आपला स्वेटर काढून त्यांच्या मांडीवर टाकला. उतरा म्हणायची छाती झाली नाही.

गाव मागे पडलं तोवर गाडी लोण्यासारखी चालत होती. तिकोनी इंजिनाला धडधड नसते. एखादा मोठा भुंगा घोंघावतो तसा त्याचा आवाज असतो. चढ लागला, पहिलं वळण गेलं आणि धुकं सुरू झालं. तिचा एक डोळा रस्त्यावर होता आणि एक तेलाच्या दाबाच्या काट्यावर. काटा मध्यावर होता. दुसऱ्या वळणानंतर तो मध्याच्या जरा खाली आला. तापलं की थोडा येतोच, तिने स्वतःला समजावलं. तिसऱ्या वळणावर तो आणखी उतरला. काटा पडत नव्हता, हळूहळू झोपी जात होता.

बाबांनी नाक वर केलं.

“पेट्रोल,” ते म्हणाले.

“काय?”

“तेलात पेट्रोल उतरतंय. वास येत नाही तुला? थांबव गाडी.”

आवाज पूर्वीचा होता, खणखणीत. तिने रस्ता रुंद झालेला पाहून गाडी कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. खाली उतरून बॉनेट उघडलं, तेल मोजायची पट्टी उपसली, पुसली, पुन्हा घातली, पुन्हा उपसली. तेल वाढलं होतं. जे इंजिन तेल पिऊनच जगतं त्याच्यात तेल कमी व्हायला हवं होतं, ते खुणेच्या कितीतरी वर आलं होतं. तिने बोट लावून चोळलं. पाण्यासारखं. वास घेतला तर नुसतं पेट्रोल. कार्बोरेटरमधून पेट्रोल ठिबकत होतं आणि तेलात मिसळत होतं. आणखी दोन-चार वळणं, आणि इंजिन जाम झालं असतं.

“बाबा, तुम्ही म्हणालात ते खरं होतं,” म्हणत तिने मान वर केली.

सीट रिकामी होती. दार उघडं होतं. स्वेटर खाली पडला होता.

“बाबा!”

धुकं इतकं दाट होतं की गाडीचा मागचा दिवासुद्धा पुसट दिसत होता. एका बाजूला कातळ, एका बाजूला कठडा, आणि कठड्यापलीकडे काहीच नाही. ती आधी कठड्याकडे धावली. वाकून पाहिलं तर खाली पांढरंच पांढरं. “बाबा! बाबा!” तिचा आवाज धुक्यात शिरून तिथेच मेला. वरून कुठूनतरी मालट्रकच्या इंजिनाची घरघर येत होती, गिअर पाडत उतरणाऱ्या जड गाडीची. ती वर धावली, मग वाटलं खाली गेले असतील, म्हणून थबकली. कुठे जावं कळेना. घरघर जवळ येत होती.

“बाबा, ओ द्या ना!”

ओ नाही. आणि का कोण जाणे, तिच्या तोंडून वेगळीच हाक निघाली. गिऱ्हाइक मारतं तशी, गॅरेजच्या दारातून.

“मिस्त्री! ओ मिस्त्री!”

“आलो, आलो!” समोरून, रस्त्याच्या अगदी मधून आवाज आला. “गाडी येतेय, तिला आत घेतो आणि आलो!”

ती आवाजाच्या दिशेने झेपावली. रस्त्याच्या मध्यावर बाबा पाय फाकून उभे होते आणि दोन्ही हात हलवून समोरच्या गाडीला आत यायची खूण करत होते. धुक्यातून दोन पिवळे दिवे त्यांच्या अंगावर येत होते. तिने त्यांना कमरेला मिठी मारून कातळाकडे ओढलं. दोघं आडवी पडली. ब्रेकांचा किंकाळीसारखा आवाज झाला, आणि ट्रक थोडा पुढे जाऊन थांबला.

ट्रकवाला उडी मारून खाली आला. “म्हातारबा, मरायचंय का? आणि मला तुरुंगात घालायचंय का?” तो ओरडला. मग तिचा चेहरा बघून त्याचा आवाज उतरला. “लागलं का बाई?”

तिचं कोपर सोलवटलं होतं. बाबांना खरचटलंही नव्हतं. ते उठून कपडे झटकत होते. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, परक्या बाईकडे पाहतात तसं, अदबीने.

“तुम्ही कुणाकडच्या, बाई?”

एवढी भीती त्या दिव्यांचीही वाटली नव्हती. मी तुमची चिमणी, असं ओरडावंसं वाटलं. पण ओरडले तर हे पुन्हा धुक्यात जातील, हे तिला कळत होतं.

“मालकांकडून आलेय,” ती म्हणाली. “तुम्हाला घेऊन यायला सांगितलंय.”

“मग चला की.” ते तिचा हात धरून निमूट चालू लागले, आणि चालता चालता खालच्या आवाजात म्हणाले, “मालकांना सांगा, पेट्रोल गळतंय. पण ते म्हणणार, जाड तेल घाल, काटा वर राहतो. वीस-पन्नास घाल. शर्यत संपेपर्यंत टिकलं की झालं.”

ती जागच्या जागी थांबली. आता तिला सगळं कळलं. बाबांचा आकडा दुसऱ्या गाडीचा होता, दुसऱ्या ऋतूतला, ती जन्मायच्याही आधीच्या एका मैदानावरचा. आणि तो तिने ऐकला असता तर आज काटा खाली आलाच नसता. जाड तेलाने गळती झाकली असती, तिने हसत चावी सरांच्या हातात दिली असती, आणि सर त्या गळतीसकट घाटाच्या माथ्याकडे निघाले असते, शाल शेजारच्या सीटवर ठेवून. ती रस्त्याच्या कडेला बसली आणि ट्रकवाल्याने पाण्याची बाटली पुढे केली.

त्यानेच दोर बांधून गाडी खाली ओढून आणली. “म्हातारबांना माझ्याजवळ बसू दे,” तो म्हणाला, “दाराला आतून कडी आहे.” बंद इंजिनाच्या गाडीत ब्रेक दगडासारखे होतात. दोन्ही पायांनी ब्रेक दाबत, समोरचा दोर आणि ट्रकचे लाल दिवे एवढंच बघत ती उतरली. केबिनमधून मध्येच बाबांच्या हसण्याचा आवाज येत होता. दोघांचं चांगलं जमलेलं दिसत होतं. तिला मात्र वाटत होतं, हा उतार संपूच नये, कारण खाली पोचलं की नवऱ्याला सांगावं लागणार.

सांगावं लागलंच नाही. तिचं कोपर आणि बाबांचा चेहरा बघून तो सगळं समजला. सर अर्धी टाचलेली पँट घालून धावत आले. त्यांना तिने काही न लपवता सांगितलं, तेलाबद्दलच्या खोट्यासकट.

“ही गाडी आज मी तुम्हाला दिली असती तर तुम्ही घाटात अडकला असता, सर. कदाचित वाईट जागी.”

सर खुर्चीत बसले. मग म्हणाले, “दुरुस्त होईल ना?”

“होईल.”

कार्बोरेटर तिने स्वतः उघडला. आतला तरंगता फ्लोट वाकून एका बाजूला अडकला होता, म्हणून पेट्रोल थांबत नव्हतं. तो बदलला, सगळं तेल काढून टाकलं, आणि पुन्हा बाकापुढे उभी राहिली. तेच डबे. मागे बाबांची खुर्ची होती आणि तीत बाबा होते, पण आता विचारायला कुणी नव्हतं. आजवर ती चुकली असती तर वरती एक माणूस होता. आता तिची चूक ही शेवटची चूक असणार होती. गार सकाळी निघायचंय, म्हणून पहिला आकडा लहान हवा. चढ लांब आहे, इंजिन तापेल, म्हणून दुसरा थोडा मोठा हवा. तिने दहा-चाळीस उचललं. ठेवलं. पुन्हा उचललं. ओतताना थोडं तेल झाकणाबाहेर सांडलं. आयुष्यात पहिल्यांदा.

मग तिने ती गाडी त्याच चढावर नेली, एकटीने, बाबांना नवऱ्याजवळ ठेवून. काटा मध्यावर राहिला. पट्टीवर तेल वाढलं नाही. तरी तिची खात्री पटेना, म्हणून पुन्हा नेली.

सर निघाले तेव्हा तिने त्यांना पट्टी कशी बघायची ते शिकवलं आणि माथ्यावरून फोन करायला बजावलं. त्या सकाळी तिने एकही काम धड केलं नाही. एका गाडीचं चाक काढलं आणि तेच पुन्हा बसवलं. फोनच्या जवळून कुणी गेलं तरी दचकायची. डोळ्यांपुढे धुकं होतं आणि धुक्यात निळी गाडी. अखेर फोन वाजला.

“ताई,” सरांचा आवाज लांबून, वाऱ्यातून आला, “तेल थोडं कमी झालंय हो. खुणेच्या खाली गेलंय. घाबरू का?”

तिचा जीव भांड्यात पडला. “नका घाबरू. कमीच व्हायला हवं. डिकीत डबा ठेवलाय, त्यातलं थोडं घाला.”

संध्याकाळी ते पोचले. पुढे त्यांना मुलगी झाली.

बाबांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरीणबाई मऊ आवाजाच्या होत्या. त्यांनी बाबांना साधे प्रश्न विचारले. आत्ता कोणता ऋतू आहे, ही बाई कोण, तीन शब्द सांगते ते लक्षात ठेवा. बाबांनी ऋतू चुकवला. शब्द विसरले आणि विसरल्याचं लपवायला विनोद केला. ‘ही कोण’ याचं उत्तर मात्र नीट दिलं, “माझी चिमणी,” आणि तिला रडू आवरेना. त्या आजाराला नाव होतं. तो वाढत जाणार होता, कधी हळू, कधी उड्या मारत. चुलीजवळ, चाव्यांजवळ आणि रस्त्यावर त्यांना एकटं सोडायचं नाही, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. हे ऐकताना बाबा भिंतीतला हवा बाहेर फेकणारा पंखा बघत होते, आणि मध्येच त्यांनी विचारलं की हा आवाज कुठल्या बेअरिंगचा आहे.

त्यानंतर बाबा जवळपास चार हिवाळे जगले. तिने गॅरेजच्या दाराला वर, त्यांचा हात पोचणार नाही अशी कडी लावली. त्यांना जुने सुटे भाग घासायला द्यायची. कधी ते चकचकीत करून द्यायचे, कधी ‘माझ्या वस्तू कुणी चोरल्या’ म्हणून तिच्या अंगावर धावून यायचे. एकदा त्यांनी तिला पाना फेकून मारला. संध्याकाळी तेच विचारत होते की तुझ्या कपाळाला काय लागलं. ती म्हणायची, “बॉनेट लागलं, बाबा.” झोपेत त्यांनी कूस बदलली तरी ती जागी व्हायची. त्यांच्याबद्दलची तिची भीती शेवटच्या दिवसापर्यंत गेली नाही, ती फक्त घरातल्या कामांत मिसळून गेली. ते गेले तेव्हा सर बायको आणि मुलीला घेऊन त्याच निळ्या गाडीतून घाट उतरून आले होते.

गॅरेज चालू राहिलं. आता लोक तिच्याकडे तिकोनी इंजिनं घेऊन येतात. तिलाही कुणी कुणी ‘तिकोनेताई’ म्हणतं आणि तीही कुणाची चूक दुरुस्त करत नाही.

परवाची गोष्ट. एका गिऱ्हाइकाने सहज विचारलं, “ताई, यात कोणतं तेल घालताय?” तिने तोंड उघडलं आणि आकडा आलाच नाही. डबा समोर होता, त्याचा रंग दिसत होता, हाताला त्याचं वजन माहीत होतं. नाव मात्र नाही. गिऱ्हाइक वाट बघत होतं. मग आकडा आला. ती तो मोठ्याने बोलली, गरजेपेक्षा मोठ्याने. गिऱ्हाइकाच्या काही लक्षातही आलं नाही.

दुपारी ती वर गेली. नवरा मशीनवर होता.

“आज मला एक शब्द सापडेना,” ती म्हणाली.

“कोणता?”

“दहा-चाळीस.”

“एवढंच ना? मला तर लग्नाआधीचं काहीच आठवत नाही.” तो हसला आणि पुन्हा कापडावर वाकला.

ती हात धुवायला वळली. मागे मशीन सुरू व्हायची ती वाट बघत राहिली, पण त्याचा पाय बराच वेळ पायट्यावर नुसताच टेकलेला होता.